निळी खूण

शनिवारी दुपारी बेरेंडने लांगेबानच्या खाडीत नांगर टाकला तेव्हा वारा जेमतेमच होता. जुलै म्हणजे तिकडे ऐन हिवाळा; थंडी, आभाळ राखाडी. त्याच्या बायकोने, मीटाने, माशाचं सूप गरम करायला ठेवलं. सकाळी पाण्यात फुलं सोडायची आणि घरी परतायचं, एवढंच काम. तीन हिवाळ्यांपूर्वी इथेच बेरेंडच्या धाकट्या भावाची, ओकीची, शिडाची होडी वादळात नांगरासकट ओढली गेली आणि मागच्या खडकांवर फुटली. ओकी सापडलाच नाही. साखळी तोकडी पडली, असं सगळे म्हणाले. ती का तोकडी पडली, हे मात्र एकट्या बेरेंडला ठाऊक होतं.

साठ मीटर साखळी दोघा भावांनी मिळून घेतली होती. करवतीने कापली बेरेंडने. पस्तीस स्वतःला ठेवली, पंचवीस ओकीला दिली आणि ‘निम्मी निम्मी’ म्हणून मोकळा झाला. ओकीने मोजली नाही. सख्ख्या मोठ्या भावाचं माप कोण मोजत बसतं? दर पाच मीटरला खूण म्हणून बेरेंडने तांबडा रंग लावला, ओकीने निळा.

चारच्या सुमाराला वायव्येचा वारा उठला. दोऱ्या डोलकाठीवर खडखडू लागल्या. किनाऱ्यावरची चुन्याची भट्टी आणि तिच्यामागची पाण्याची टाकी एका रेषेत धरून मीटा बसली होती. रेषा मोडली की समजायचं, होडी सरकली. मग साखळी आणखी सोडायची; ती जितकी लांब, तितका नांगर तळाला घट्ट धरतो.

"अरे, टाकी बाहेर आली! साखळी सोड आणखी!"

बेरेंड वाकत वाकत होडीच्या पुढच्या टोकाला गेला. दुपारी वीस मीटर सोडली होती, अजून पंधरा शिल्लक होती. पाच मीटर गेली आणि खाडकन झटका बसला. साखळीचं होडीला बांधलेलं शेवटचं टोक! त्याने साखळीच्या पेटीत हात घातला. पेटी रिकामी. आणि डोळ्यांसमोरची खूण निळी.

तो बघतच राहिला. तांबडा रंग त्याने गेल्याच महिन्यात नवा दिला होता. मग दुपारी आपण सोडलं ते काय? आठवू गेला तर तांबडंच आठवत होतं. त्याने नखाने खरवडून पाहिलं. रंग ओला होता.

"सोड ना!"

"संपली."

"संपली कशी? पस्तीस आहे ना आपली?"

"पस्तीस… होती. ओकीची पंचवीस होती, मीटा. कापताना मी…"

वाऱ्यात तिला ऐकू गेलं नसेल, असं त्याला वाटलं. पण गेलं होतं.

"पाठच्या भावाशी मापात पाप केलंस?" ती हळूच म्हणाली. "आणि मी तीन वर्षं तुझ्या आईला सांगतेय, देवाची मर्जी!"

मागे खडकांवर पाणी फुटत होतं. शेवाळाचा वास आता अगदी जवळून येत होता. बेरेंडला रडू फुटलं. तो पाण्याकडे तोंड करून ओरडला, "ओकी, चुकलो रे! दादा चुकला तुझा… हिला तरी वाचव…"

होडी थांबली. गचका नाही, काही नाही. टाकी सावकाश भट्टीमागे गेली आणि तिथेच राहिली.

रविवारी उजाडलं तरी वारा तसाच होता. मीटाने नवऱ्याकडे पाठ करूनच फुलं सोडली. तो साखळी ओढू लागला. ती जड लागेना, याचंच त्याला नवल वाटत होतं. एक निळी खूण आली, दुसरी आली, पाचवीही आली. मग टोक वर आलं. टोकाला नांगर नव्हता. करवतीने कापलेली कडी होती आणि काप अगदी ताजा, चकचकीत होता.

"मीटा… मग रात्रभर आपल्याला…"

"बोलू नकोस. इंजिन लाव."

इंजिन लागलं. मागे पाणी घुसळून पांढरं झालं. सगळी साखळी बेरेंडच्या पायाशी पडली होती, पण होडी जागची हलत नव्हती.

"भावजी," मीटा पाण्याकडे बघत म्हणाली, "कबूल केलंय तुमच्या दादाने… सोडा ना आता…"

तिने किनाऱ्याकडे पाहिलं. टाकी भट्टीच्या बरोबर मागेच होती.