नावापुढची मेणबत्ती

त्या दुपारी टोर्केल बसमधून उतरला तेव्हा त्याच्या पिशवीत केशर घातलेले गोड पाव होते आणि मनात नुसत्या उकळ्या फुटत होत्या. गुनवोर आस्प्लिडचं घर आतून बघायला मिळणार! पूर्वी टीव्हीवर दीपगृहात राहणाऱ्या एका कुटुंबाची मालिका लागायची. त्यातल्या दीपगृहवाल्याच्या बायकोचं काम करायची ती ही गुनवोर. मालिका संपली, सगळा स्वीडन ती विसरून गेला, पण टोर्केल आणि त्याच्यासारखे मूठभर वेडे काही विसरले नाहीत. त्यांनी इंटरनेटवर त्या मालिकेचा अख्खा ज्ञानकोश उभा केला होता. कुणाच्या स्वेटरला किती बटणं, मांजर कुठल्या भागात बदललं, सगळं त्यात. एका भागात गुनवोरच्या निळ्या कपाचा कान तुटतो आणि पुढच्या भागात तोच कप धडधाकट दिसतो, या चुकीवर टोर्केलनं स्वतंत्र पान लिहिलं होतं. हसू नका. ज्याचं खूळ त्याला प्यारं.

पोटापाण्यासाठी तो हेर्नोसांदच्या शाळेत सुतारकाम शिकवायचा, पण खरा रुबाब या कोशातला. तो तिथला व्यवस्थापक. त्याचा एकच नियम होता, पुराव्याशिवाय एक अक्षर ठेवायचं नाही. कुणी काही नवीन लिहिलं की हा विचारणार, “पुरावा?” आणि उत्तर यायच्या आत पुसून टाकणार. मालिकेतलं किंवा कोशातलं कुणी वारलं की त्याच्या नावापुढे मेणबत्तीचं छोटं चित्र लावायची त्यांची पद्धत होती. ती सगळ्यांत आधी कोण लावतं, यात चढाओढ चालायची. बोलून कुणी दाखवायचं नाही, पण चालायची. गेल्या वर्षी पेपरात गुनवोर आस्प्लिडच्या निधनाची चौकट आली आणि तासाच्या आत टोर्केलनं मेणबत्ती लावली होती.

आता तिच्या भाचीचा फोन आला होता. “आत्याच्या घरी याल का? एक काम आहे. तुम्हालाच जमेल.” सामान वाटायचं असणार, असं त्यानं गृहीत धरलं. निळा कप मागायचा हेही ठरवून टाकलं.

दुपार असली तरी डिसेंबरातला अंधार कधीच पडला होता. समुद्राकडचा रस्ता निर्मनुष्य होता. बर्फात बुटांचा करकर आवाज येत होता, तो थांबला की काहीच ऐकू येत नव्हतं. रस्त्याच्या टोकाच्या घरात, नाताळात सगळेच ठेवतात तसे, खिडकीत दिवे लावलेले होते. आणि कॉफीचा वास पार फाटकापर्यंत आला होता.

दार भाचीनं उघडलं. आल्फहिल्ड, पन्नाशीची, डोळे सुजलेले.

“बूट इथे काढा,” ती हळू आवाजात म्हणाली. “आणि जरा... हळू बोला.”

स्वयंपाकघरात टेबलाभोवती तीन खुर्च्या होत्या. आकड्याला निळा कप टांगलेला! कान शाबूत! टोर्केलचा हात आपोआप तिकडे गेला.

“त्याला हात लावू नका. तिला आवडणार नाही.”

“कुणाला?”

आल्फहिल्डनं कॉफी ओतून कप टेबलावर ठेवला. त्याला बसायला सांगितलं, पण खिडकीजवळच्या खुर्चीवर नाही. मग म्हणाली, “पेपरातली बाई किरुना गावची होती हो. नाव तेच, बाई दुसरी. आत्यानं कळवलं होतं तुम्हाला. टाइप करायला शिकली बिचारी त्यासाठी.”

टोर्केलला आठवलं. ‘मी जिवंत आहे, कृपया दुरुस्त करा,’ असं कुणीतरी निनावी लिहिलं होतं. त्यानं विचारलं होतं, ‘पुरावा?’ तिकडून आलं, ‘मी स्वतःच लिहितेय की हो!’ मग त्यानं तिला लिहायची बंदी घातली आणि खाली शेरा मारला, ‘मेलेल्यांना इथे लिहायची परवानगी नाही.’ आठवडाभर सगळे त्यावर फिदीफिदी हसले होते. तोही हसला होता.

“मला वाटलं, कुणीतरी टवाळखोर...”

“रेडिओवाल्यांनी तुमचंच वाचून बातमी दिली. इथे फुलं आली. तिनं स्वतः फुलदाणीत ठेवली.” आल्फहिल्ड आवाज आणखी खाली आणत म्हणाली, “मग ती सांगायला लागली, बस थांबत नाही. दुकानातली पोरगी मान वर करत नाही. चर्चमधल्या बायकांनी तिची खुर्ची उचलून ठेवली, ती समोर उभी असताना. मी म्हटलं, आत्या, म्हातारपणी असं वाटतं.”

“मग?”

“मग शरदात मी आले. घरात कुणी नाही. याच टेबलाशी कॉफी प्यायले, वाट बघितली, गेले. संध्याकाळी फोन. ‘अगं, तुझ्यासमोरच बसले होते मी. हाका मारून घसा बसला माझा.’” तिनं खिडकीकडे बघितलं. “त्यानंतर फोनवर नुसता श्वास येतो. पोलीस येऊन बघून गेले, त्यांना कुणी दिसलं नाही. पण खिडकीतले दिवे मी नाही लावलेले. ही कॉफीही माझी नाही...”

टोर्केलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघायची त्याची छाती होईना. भीती होतीच, पण भीतीपेक्षा लाज जास्त होती.

“ती मेणबत्ती काढा,” आल्फहिल्ड म्हणाली. “इथे, तिच्यासमोर काढा.”

त्यानं फोन काढला. मेणबत्ती पुसली आणि लिहिलं, ‘गुनवोर आस्प्लिड जिवंत आहेत.’

लगेच मेणबत्ती परत आली. तिकडे माल्मोत योरान टपूनच बसला होता. योरान म्हणजे त्याचा कोशातला उजवा हात. त्यानं लिहिलं, ‘पुरावा?’

‘योरान, मी टोर्केल. त्यांच्या घरात बसलोय.’

‘स्वतःचा अनुभव पुरावा धरत नाहीत. तुझाच नियम आहे, बाबा.’

‘अरे, चूक माझी होती! मी विचारायला हवं होतं. मला लाज वाटते.’

योराननं सगळ्यांसाठी लिहिलं, ‘हा टोर्केल नाही. टोर्केल पुराव्याशिवाय लिहिणार नाही आणि चूक तर जन्मात कबूल करणार नाही. कुणीतरी त्याचं खातं वापरतंय.’

दुसऱ्या कुणीतरी विचारलं, ‘तो बरा आहे ना? मागे छातीत दुखतं म्हणत होता.’

‘केव्हापासून फोन लावतोय. उचलत नाही.’

टोर्केलनं हातातल्या फोनकडे बघितलं. तो एकदाही वाजला नव्हता.

‘आहे रे मी!’ त्यानं लिहिलं. ते उमटलं नाही. त्याला लिहायची बंदी झाली होती. तो बघत असतानाच पान हललं, आणि व्यवस्थापकांच्या नावांत टोर्केलच्या नावापुढे एक छोटी मेणबत्ती आली. खाली योराननं लिहिलं होतं, ‘फार काटेकोर माणूस होता.’

“झालं का?” आल्फहिल्डनं शेगडीकडून वळून विचारलं. तिची नजर त्याच्या खुर्चीवरून सरळ भिंतीवर गेली. “टोर्केल? अहो?... गेला वाटतं. माणूस म्हणायचं का काय याला!”

“मी इथेच आहे,” तो म्हणाला. मग ओरडला. तिनं त्याच्या हाताला घासून त्याच्यासमोरचा कप उचलला. मग दाराशी गेली आणि तिथेच थबकली. त्याचे बूट जिथल्या तिथे होते, बर्फाचं पाणी अजून खाली निथळत होतं. ती त्या बुटांकडे बघत राहिली, मग कोटसुद्धा न घेता बाहेर पळाली. दार धाडकन आपटलं.

घर शांत झालं. कॉफीचा वास आता अगदी जवळून येत होता.

“घसा बसेल,” कुणीतरी म्हणालं.

खिडकीजवळच्या खुर्चीत ती बसली होती. मालिकेतल्यापेक्षा कितीतरी लहानखुरी, लोकरी जाकीट घातलेली. समोर दोन निळे कप होते. शाबूत कप तिनं स्वतःकडे ठेवला, आणि कान तुटलेला त्याच्याकडे सरकवला.

“पहिल्यापासून दोनच होते,” ती म्हणाली. “मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं.”

टोर्केलला वर बघवेना. तुटक्या कानाच्या कपाकडे बघतच तो म्हणाला, “माझं चुकलं... मला खरंच लाज वाटते, बाई.”

गुनवोरनं कॉफीचा घोट घेतला, कप खाली ठेवला आणि त्याच्याकडे नीट निरखून बघितलं.

“पुरावा?”