आठवी लाइन

काकासाहेबांवरचा राग मी अजून गिळलेला नाही आणि गिळणारही नाही. तरी सांगतो ते क्रमानं सांगतो. वाळूजच्या एका कारखान्यात मी कंट्रोल पॅनेल दुरुस्त करतो. मीटर लावून बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, ही आमची सवय.

त्र्याण्णव साली सुट्टीच्या दिवशी मी काकासाहेबांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा कडुबाही वाजवायचा. खरं सांगायचं तर वाजवायचा तोच, मी आपली साथ करायचो. माझा बाप कन्नड तालुक्यात मेंढरं राखणारा, त्याचा शहरात हमाली करणारा. आम्ही डबा एकत्र खायचो, शिफ्टच्या बसमध्ये एकाच बाकावर बसायचो.

मग विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चात निळा झेंडा धरलेला कडुबाचा फोटो पेपरात आला आणि काकासाहेबांनी त्याला पडद्यामागं बसवलं.

"आपल्याला गावोगाव जायचंय," ते म्हणाले. "कुणी वळखलं तर स्टेज मोडतील. तू मागं बस. गिटार काय, मागं बसूनबी वाजती."

हे त्यांनी पानाला चुना लावता लावता सांगितलं. आम्ही दोघंही गप्प बसलो. कडुबा का गप्प बसला ते मला कळतं. मी का बसलो याचा विचार आला की माझं डोकं अजून फिरतं.

पुढून-मागून गिटारचा आवाज फिरवायचं खोकं कडुबानंच बनवलं. भंगारातले रिले, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे खटके, मुंबईहून आणलेली, वाद्यांना आकड्यांत हुकूम देणारी मिडीची चिप आणि पाच पिनांची वायर. माझ्या पायाशी बटणांची पट्टी असायची. बटण दाबलं की पट्टी वायरीतून नुसता एक आकडा पाठवायची. खोकं तो आकडा वाचायचं आणि ठरलेला रिले उघडून गिटारचा आवाज त्या वाटेनं सोडायचं.

"उसाला पाणी देतो तसं हाय," कडुबा म्हणाला होता. "एका वाफ्याचं तोंड फोडायचं, दुसऱ्याचं बुजवायचं. फकस्त वाकायची गरज नाय."

खोक्याला आठ लाइनी होत्या आणि प्रत्येक लाइनीवर एक तांबडा दिवा. पहिल्या सात माझ्या गिटारच्या. साधा आवाज, घुमणारा, फाटका, असे सात प्रकार. आठवी पडद्यामागं कडुबाच्या गिटारकडं जायची. मी आठ दाबलं की माझी गिटार बंद आणि त्याची सुरू. गाण्यातले अवघड तुकडे तो वाजवायचा, मी पुढं उभं राहून नुसती बोटं नाचवायची. टाळ्या मला पडायच्या, आणि लाज सोडून सांगतो, त्या मला आवडायच्या.

सिल्लोडचा प्रोग्राम झाल्यावर टेम्पोत सामान चढवताना कडुबा म्हणाला, "सूर्यभान, एकदा माइकवर नाव घे माझं. नुसतं नाव. मी पुढं नाय येत."

"पुढच्या टायमाला घेतो."

"नक्की?"

"व्हय रे, नक्की."

पुढचे तीन प्रोग्राम झाले. तिन्ही वेळा माइक हातात आला, तिन्ही वेळा काकासाहेब समोरून डोळे वटारून बघत होते आणि तिन्ही वेळा मी शेपूट घातलं. डिसेंबरात कडुबाला कावीळ झाली आणि आठ दिवसांत तो गेला. मातीला ऑर्केस्ट्रातून मी एकटाच होतो. काकासाहेबांनी त्या दिवशी तालीम ठेवली होती.

जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. शहरात कुठं पेढे वाटले, कुठं दगड पडले. "महिनाभर सांभाळून राहा," काकासाहेब म्हणाले आणि कन्नडकडच्या एका साखर कारखान्याच्या मेळाव्याची सुपारी घेऊन टाकली.

त्या प्रोग्रामच्या तालमीत मी तीनचं बटण दाबलं. तीनचा दिवा लागला आणि आठचाही.

कडुबा गेल्यापासून आठव्या लाइनीत गिटारची वायरच नव्हती. मी खोकं घरी नेऊन उघडलं. रिले मीटरवर तपासला, सोल्डरचा एकेक टाका हलवून बघितला. पट्टीतून आकडा बरोबर तीनच जात होता. बिघाड कुठंच सापडेना, तेव्हा चिडून मी आठव्या रिलेच्या आणि दिव्याच्या तारा कापल्या आणि टोकांना टेप गुंडाळला.

दुसऱ्या तालमीला तारा कापलेला तो दिवा पुन्हा लागला. या खेपेला स्पीकरमधून बारीक घूं येत होती. गिटार जोडलेली असली की अशी घूं येते. वाजवणाऱ्यानं तारांवर हात ठेवला की ती थांबते. माझी गिटार पेटीत होती आणि माझे दोन्ही हात खिशात होते.

घूं थांबली.

हे मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विश्वास ठेवला नसता, मीही ठेवला नसता. काकासाहेबांना एवढंच म्हणालो, "पाचव्या गाण्यातला मोठा तुकडा गाळू. मला येत नाही तो."

"गाळ," ते म्हणाले. "कुणाला कळतंय."

साखर कारखान्याच्या आवारात दुपारी चारला प्रोग्राम सुरू झाला. कडक ऊन होतं, मळीचा आंबट वास सगळीकडं भरला होता, उसाच्या गाड्या कुंपणापलीकडं रांगेत उभ्या होत्या. पहिली चार गाणी बिनघोर झाली. पाचवं गाणं त्या तुकड्यापाशी आलं आणि मी तारांवरून हात काढला.

आठचा दिवा लागला.

गिटार वाजायला लागली. लांब सुराआधी तारेवर नख घासायची कडुबाची खोड होती. ते घासणंसुद्धा ऐकू आलं. ढोलकीवाल्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं.

वाऱ्यानं मागचा पडदा उचलला. तिथं मांडवाचे बांबू होते आणि धूळ होती.

आणि माझी बोटं नाचायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. सवयीनं, आपोआप, मी मान डोलवत बोटं नाचवत राहिलो.

टाळ्या थांबेनात. काकासाहेबांचा चेहरा उतरला होता, पण माणूस मोठा पक्का. त्यांनी माइक उचलला. "गिटारवर होते आपले सूर्यभान!" मग माइक माझ्यासमोर धरून हळूच म्हणाले, "बोल कायतरी. आटप."

दिवा चालूच होता. स्पीकरमध्ये ती घूं होती. ती थांबली.

कुणीतरी तारांवर हात ठेवून वाट बघत होतं.

काय बोलायचं ते मला माहीत होतं. तीन अक्षरं.

"धन्यवाद, मंडळी," मी म्हणालो.

दिवा विझला.

पुढच्या गाण्याला मी एक दाबलं. एकचा दिवा लागला. मी तार छेडली, आवाज नाही. वायर बदलली, गिटार बदलली, तरी नाही. ढोलकीवाल्यानं वैतागून माझ्या हातातून गिटार घेतली आणि झणकारली, तर ती खणखणीत वाजली. मी परत घेतली. तार माझ्या बोटाखाली थरथरताना डोळ्यांना दिसत होती, आवाज मात्र येत नव्हता.

काकासाहेबांनी आठवड्यात दुसरा गिटारवाला धरला. नव्या जाहिरातीत त्याचा फोटोही छापला. मी त्यांच्या दारात जाऊन अर्धा तास शिव्या दिल्या. ते ओट्यावर बसून पान चघळत होते आणि माझ्या तोंडाकडं बघत होते. तेव्हा वाटलं, माणूस निर्ढावलेला आहे, म्हणून वर मान करून बघतोय. मग त्यांनी नोकराला विचारलं, "ह्याला काय झालं रे? नुसतंच तोंड हलवतंय."

तरी बरेच दिवस माझा आवाज येऊन जाऊन होता. सकाळी असायचा, दुपारनंतर बसायचा. डॉक्टरांनी घसा बघितला, काही नाही म्हणाले. होळीच्या सुमाराला कारखान्यात पॅनेलवर हातोडी मारली, तेव्हा हातोडीचाही आवाज आला नाही. शेजारच्या टेबलावरचा नवा माणूस मान खाली घालून काम करत राहिला. मी तिथं उभा आहे हे त्याला कळलंच नसावं.

आज पहिल्या शिफ्टवरून घरी आलो. दार आतून लावलेलं होतं. माझी बायको सरू भाकरी थापत होती, ती थाप बाहेर स्पष्ट ऐकू येत होती. मी कडी वाजवली. मग दोन्ही हातांनी दार बडवलं. मग तिला नावानं हाक मारली, चार वेळा, जीव खाऊन.

आत भाकरीची थाप एकसारखी चालू होती.