काल्चाचा वाडगा

दार नीट लावून घे रे बेक्तुर, वारा येतोय. आणि तो मोबाइलचा दिवा विझव, मेणबत्ती पुरे आहे. आज एप्रिलची सतरा, गुरुवार. हिवाळाभर वीज काढून काढून धरण तळाला गेलं की आपल्याकडचे दिवे सगळ्यांत आधी जातात, त्यामुळे आता रात्री काही लाइट येत नाही. चहा घ्या सगळ्यांनी.

तर म्हणे, उद्या तू तोकोनकडची हवेची होडी भाड्यानं घेणार आणि दिवसभर एकटाच वल्हवत फिरणार. फिर की. मी कोण नाही म्हणणारा? होडी चांगलीच आहे ती. पिशवीतून काढायची, पंपानं फुगवायची, एका हातानं उचलून पाण्यात टाकायची. एसेनकुलनंही तीच नेली होती.

"कोण एसेनकुल, आबा? बाजारात तराजू तपासायचे ते?"

तोच. माझा दोस्त. माणूस सरळ, पण डोक्यात संशयाचा किडा. आयुष्यभर लोकांची खोटी वजनं पकडली, मग दुसरं काय होणार? कुणी सलाम केला तरी हा विचार करायचा, याला माझ्याकडून काय हवंय? मीही तसलाच, हे तुमची काकू रोज ऐकवतेच. म्हणून तर आमचं जमायचं. आणि म्हणून सांगतो, पुढचं मी कुणाच्या तोंडून ऐकून गप्प बसलेलो नाही. जमेल तेवढं सगळं जाऊन तपासलंय.

एसेनकुलची आई, बुरुल अपा, गेल्या वसंतात अंथरुणाला खिळली. दुखणं असं काही नव्हतं, वय झालं होतं. पण एक दिवस तिनं जेवणच सोडलं. सूप नको, दही नको. एसेनकुल हाता-पाया पडला, तर म्हणाली, "काल्चाचा वाडगा परत गेल्याशिवाय मी घास घेणार नाही."

काल्चा तिची जुन्या गावातली शेजारीण. अपा नवी सून होती तेव्हा पीठ मळायला तिनं काल्चाचा वाडगा मागून आणला होता. अक्रोडाच्या लाकडाचा, कडेला तडा, तडा तांब्याच्या तारेनं शिवलेला. त्याच हिवाळ्यात काल्चा गेली. मग धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं, आम्ही इकडे वर आलो आणि वाडगा सामानात आला तो आलाच.

"अपा, ती मेली, गाव बुडालं, आता वाडगा कुणाला द्यायचा?"

"तिलाच. ती कुठं गेलीय? तिथंच तर आहे." अपा म्हणाली. "मी वर गेल्यावर ती पहिला वाडगाच मागेल. मग मी कुठं तोंड लपवू?"

काल्चाला पुरलं ते टेकाड वर्षभर पाण्यात असतं. फक्त या दिवसांत, धरण उतरलं की बेटासारखं वर येतं. कोळी तिकडे फिरकत नाहीत. एसेनकुलनं दोघांना विचारून पाहिलं, दोघांचंही इंजिन त्याच दिवशी बिघडलं होतं. तेव्हा राहिली तोकोनची होडी.

गेल्या वर्षी, एप्रिलची अठरा. गुरुवारच. सकाळी तुमची काकू अपाकडे गेली आणि तिनं तेल तापवलं. अपानं अंथरुणात बसून स्वतःच्या हातानं पीठ कापलं, त्या तुकड्यांचे बोरसोक तळले. आपण गुरुवारी तळतो ते कुणासाठी, हे तुम्हाला सांगायला नको. तळणाचा वास आपल्या गेलेल्यांना, तिकडच्यांना पोचतो, त्यांना कळतं की घरच्यांनी आठवण काढली. अपानं वाडगा शिगोशीग भरला, वर फडकं बांधलं.

"भांडं रिकामं परत करायचं नाही," ती म्हणाली. "आणि हे वाटेत खायला नाहीत. फारच भूक लागली तर एक खा. एकच."

"अपा, मी काय कुत्र्याचं पिल्लू आहे?"

"पिल्लू बरं. त्याला सांगितलेलं कळतं."

जेवण सोडल्यापासूनच्या नऊ दिवसांत अपा पहिल्यांदा हसली होती. एसेनकुलला एवढं कळत होतं की संध्याकाळी वाडगा न घेता परत गेलो आणि 'दिला' म्हणालो, की आई जेवेल. त्याला दुसरं काही नको होतं.

तोकोन काठावर होडी फुगवत होता. एसेनकुलनं आधी सगळे जोड चाचपले. ठिगळं मोजली. हवा भरायच्या झडपेला कान लावला.

"बाइके, बैल घेताय की होडी?" तोकोन म्हणाला. थोरल्या भावाला म्हणावं तसं तो त्याला बाइके म्हणायचा.

"बैल फुटत नाही. ओळखपत्र कशाला ठेवून घेतोस?"

"परत याल म्हणून."

"आणि नाही आलो तर? ओळखपत्राला दफन करशील?"

तोकोन हसला नाही. त्यानं विचारलं, कुठं जाणार? एसेनकुल म्हणाला, टेकाडावर. तोकोन थोडा वेळ पंपाची नळी गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "ऊन आहे तोवर निघा तिथून. आणि येताना तिकडचं काही आणू नका."

झालं! एसेनकुलच्या डोक्यात किडा वळवळला. ऊन असेपर्यंतच का? आणू नका म्हणजे काय? इथं कुठंतरी पाणी मुरतंय. या बंदीच्या दिवसांत हा त्या टेकाडाआड मासेमारीची जाळी लपवतो आणि वर लोकांना भुतांची भीती घालतो! खरं सांगू, मी असतो तर मलाही हेच वाटलं असतं.

वल्हवायला मजा आली म्हणाला. पाणी काचेसारखं, वर आकाश, मध्ये हा एकटा. वाडगा पुढे नाकाशी जाळीच्या खिशात ठेवला होता. फडक्यातून वास येत होता. त्यानं एक खाल्ला. अपानं सांगितलं होतंच. मग वाटलं, मेलेल्या बाईला एक काय नि दोन काय. मग आणखी एक. वल्हवून वल्हवून भूक लागते रे, हात आपोआप जातो. टेकाडाला होडी लागली तेव्हा फडक्यात चुरा उरला होता. तो त्यानं पाण्यात झटकला.

काल्चाची कबर त्याला मिळाली. अपानं खूण सांगितली होती, पॉपलर झाडाच्या बुंध्यापासून उताराकडे, डोक्याशी दोन पांढरे दगड. पाण्यानं माती झिजून उंचवटा नावापुरता राहिला होता. त्यानं वाडगा दगडांपाशी ठेवला, घाईघाईनं दुआ म्हटली, तोंडावरून हात फिरवले आणि वर म्हणाला, "बाकीचं मनानं भरून घे, काल्चा अपा." असं म्हणून हसला. हे त्यानं मला स्वतः सांगितलंय. सांगताना हसत नव्हता.

तिथून निघायला हवं होतं. पण जाळी शोधायची होती ना! सगळं टेकाड त्यानं पायाखाली घातलं. दगड उलटे केले, गाळात काठी खुपसली. मासा नाही, दोरा नाही. शोधता शोधता ऊन डोंगरावर चढलं आणि गेलं. होडीकडे येताना त्यानं सहज दगडांकडे पाहिलं. वाडगा दिसला नाही. अंधारून आलंय, दिसत नसेल, असं तो स्वतःशी म्हणाला. जवळ जाऊन पाहिलं नाही.

काठ तसा लांब नाही. तोकोनचा कंदील दिसत होता. तो वल्हवायला लागला.

वारा पडला होता. पाणी गप्प.

आणि वास आला.

तापलेल्या तेलाचा. पीठ तेलात सोडल्यावर येतो तो. गरम, गोडसर... त्यानं नाक वर करून पाहिलं. गाव त्या बाजूला, वारा नाही, धूर नाही. मागे टेकाड. टेकाडावर चूल नव्हती. त्यानं दगडन् दगड पाहिला होता.

मग त्याच्या मनात तो विचार आला. आपण तळतो ते तिकडच्यांसाठी.

मग तिकडचे तळतात ते...

त्यानं वल्ही जोरात मारली. होडी पुढे जाईना. जड लागत होती. हवा गेली असेल. त्यानं कडा दाबून पाहिली. टणक. सकाळसारखीच टणक. पण पाणी कडेला आलं होतं. सकाळी हातभर खाली होतं.

त्यानं मागे पाहिलं नाही.

पुढेही पाहिलं नाही. नाकाशी, जाळीच्या खिशाकडे... नाही पाहिलं. कंदिलावर नजर ठेवली. घाम डोळ्यांत जात होता. कुणी बोललं नाही. हाक नाही, काही नाही. फक्त वास.

होडी गाळाला लागली. तोकोन कंदील घेऊन उभा होता, पण पाण्यापासून चार हात लांब.

"बाइके, काही आणलंत?"

"नाही."

"उचला मग."

एसेनकुलनं दोरी ओढली. होडी हलली नाही. सकाळी त्यानं ती एका हातानं उचलली होती. तोकोन 'बिस्मिल्ला' म्हणत आला, दोघांनी जोर लावला, कशीबशी काठावर आणली. तोकोननं झडप उघडली. सूं करून हवा बाहेर पडली.

ती हवा सकाळी याच काठावर भरलेली होती, पोरांनो. आणि तिला तळणाचा वास होता.

होडी खाली बसत गेली. बाजू पडल्या, शेपूट पडली. सगळी सपाट झाली. फक्त नाकाशी उंचवटा राहिला. एवढासा... कबरीचा असतो तसा.

तोकोननं कंदील जवळ नेला. जाळीच्या खिशात वाडगा होता. तडा, तांब्याची तार. फडकं बांधलेलं. फडक्यातून वाफ येत होती.

"मी सांगितलं होतं, काही आणू नका," तोकोन हळूच म्हणाला.

"मी नाही आणलं."

"मग... दिलं असेल." जरा थांबून तोकोननं विचारलं, "तुम्ही तिला रिकामा दिलात?"

एसेनकुलनं खिशातून गाडीची किल्ली काढली.

नंतर मी तोकोनकडे गेलो होतो. खोदून खोदून विचारलं. त्याची दुसरी होडी तेव्हा फाटून घरी पडली होती, ती पाहिली. त्या दिवशी तो काठावरून हललाच नाही, हे पाणी पाजायला आलेल्या गुराख्यानं सांगितलं. मला कुठं बोट ठेवायला जागा सापडली नाही. सापडावी असं फार वाटत होतं.

एसेनकुलनं वाडगा गाडीच्या डिकीत ठेवला, कुलूप लावलं. बोरसोकला हात लावला नाही. अपाला सांगायचं, दिला. उद्या परत नेऊन ठेवू, भरून. असं त्यानं ठरवलं.

घरात शिरला तेव्हा तुमची काकू अपाजवळ बसलेली होती. अपा उशीला टेकून वाट पाहत होती.

"दिलास?"

"दिला, अपा."

"रिकामा नाही ना दिलास?"

"नाही."

अपानं त्याचा हात धरला. नाकाशी नेला. बराच वेळ धरून ठेवला.

"तुझ्या अंगाला तळणाचा वास येतोय," ती म्हणाली. "सकाळचा नाही. आत्ताचा. आज तिकडे कुणासाठी तळलं रे?"

काकू सांगते, त्याचा चेहरा भिंतीसारखा पांढरा झाला होता. अपा मात्र घाबरली नाही. थोडी लाजल्यासारखी झाली, जणू आपल्या पोरानं शेजारणीकडे जाऊन काहीतरी खोडी केली आणि आता माफी मागायला आईलाच जावं लागणार. मग म्हणाली, "बरं. सूप आण."

वाटीभर सूप प्यायली. वर म्हणाली, आणखी दे. पोरगा रडला. तिनं त्याचं डोकं थोपटलं, झोप म्हणाली.

पहाटे ती गेलेली होती. शांत, कुशीवर. मी गेलो तेव्हा तिच्या बोटांना पीठ होतं. आदल्या सकाळी पीठ कापलं होतं हे खरं. पण काकूनं दुपारी तिचे हात कोमट पाण्यानं धुतले होते, हेही खरं.

दफनाची गडबड सुरू व्हायच्या आत एसेनकुलनं मला बाजूला घेतलं. तेव्हा मला हे सगळं सांगितलं. एका दमात, माझ्याकडे न बघता. "चल, माझ्यासमोर डिकी उघड," म्हणाला. किल्ली त्याच्या खिशात होती. कुलूप मी माझ्या हातानं ओढून पाहिलं. लागलेलं होतं. उघडलं.

वाडगा नव्हता.

तो तिथंच, गाडीला धरून खाली बसला. "मी रिकामा दिला," म्हणाला, "म्हणून अपाला स्वतः जावं लागलं."

"आणि फडकं, आबा?"

फडकं होतं. चौकोनी घडी घालून ठेवलेलं, अपा घालायची तशी. आणि त्या घडीवर...

बस रे, मेणबत्ती विझली तरी चालेल.

घडीवर एक बोरसोक ठेवला होता. एकच. एप्रिलची पहाट, गाडीवर दंव गोठलेलं. मी संशयी माणूस. मी हात लावून पाहिला.

गरम होता.