वाजलं का गं पोरी?

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण ही थाप नाही. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय. आणि तेही रात्री नाही... भर दुपारी.

ताई एका छोट्या कन्सल्टिंग कंपनीत होती. फर्निचरच्या दुकानावर दोन खोल्या आणि मोजकी माणसं. अशा ठिकाणी पडेल ते काम करायचं. प्रोग्राम लिहायचे, क्लायंटच्या शिव्या खायच्या, प्रिंटर रुसला तर त्याला धपाटेही घालायचे. मालकाला सगळे कॅप्टन म्हणत. "जहाज छोटं आहे, पाणी शिरू देऊ नका," हे त्याचं पालुपद.

एका शीतगृहात त्यांनी अलार्म बसवला होता. आत कुणी अडकलं तर भिंतीवरचं बटण दाबायचं, की बाहेर सगळ्यांचे फोन वाजणार.

चाचणीच्या वेळी तिथले मुकादमकाका आत जाऊन बटण दाबत आणि दारातून डोकं काढून विचारत, "वाजलं का गं पोरी?"

"वाजलं, काका. या बाहेर, गारठाल."

त्या सकाळी दुरुस्ती करताना ताईने अलार्म बंद केला. काम चालू असताना तो सारखा वाजून डोकं उठवतो, म्हणून तशी त्यांची पद्धतच होती. काम संपलं की चालू करायचा. तेवढ्यात कॅप्टनचा फोन आला, दुसऱ्या क्लायंटकडे पळ. ती पळाली.

अलार्म बंदच राहिला.

दुपारी शीतगृहाचं दार अडकलं. काका आत होते.

चौकशी झाली. बटण दाबल्याची खूण यंत्रणेत कुठेच नव्हती. अलार्म बंद होता आणि तो बंद असला की ती उमटतच नाही, हे फक्त ताईला आणि कॅप्टनला ठाऊक. म्हातारा घाबरला, बटण दाबायचं विसरला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

"तोंड उघडलंस तर आपण सगळे रस्त्यावर," कॅप्टन म्हणाला. "गेलेला माणूस परत येतो का?"

ताई मूग गिळून बसली. मन मात्र आतून खात होतं.

पुढच्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत ती ऑफिसात एकटी होती. तिने डबा उघडला. खालच्या दुकानातली ठोकाठोक अचानक थांबली...

मीटिंगच्या खोलीच्या दारावर आतून आवाज आला... टक. टक.

तिने दार ढकललं. खोली रिकामी होती.

पण दाराच्या काचेवर आतून दव साचलं होतं... आणि मधोमध एका अंगठ्याचा ठसा.

मग अगदी कानाशी...

"वाजलं का गं पोरी?"

पर्स उचलून ताई तशीच पळत सुटली, ती थेट काकांच्या घरी. काकूंच्या पायाशी बसून तिने सगळं सांगितलं. "काकू, त्यांनी बटण दाबलं असणार. अलार्म मीच बंद ठेवला होता."

काकू ओरडल्या नाहीत.

"रोज दुपारी येऊन सांगतात गं मला, मी दाबलं होतं म्हणून," त्या हळूच म्हणाल्या. "आणि मी मेली म्हणायचे, आता तरी कशाला खोटं बोलता?"

ताईला रडू कोसळलं.

तेवढ्यात तिच्या पर्समध्ये... अलार्म वाजू लागला.

फोन तिने येतानाच बंद केला होता. शीतगृहालाही केव्हाच कुलूप लागलं होतं.

"आले हो," म्हणत काकू उठल्या आणि आतल्या खोलीची कडी काढली. गार हवेचा झोत दोघींच्या अंगावरून गेला. आत कुणीच नव्हतं.

अलार्म थांबला.

ताईने चौकशीतही खरं सांगितलं. तिची नोकरी गेली. काकांवरचा ठपका पुसला गेला. आता सगळं शांत झालं असेल, असं आम्हाला वाटत होतं.

परवा ती आमच्याकडे आली होती. बोलता बोलता उठली आणि अडगळीच्या खोलीचं दार उघडून उंबऱ्यात उभी राहिली.

"वाजलं, काका," ती म्हणाली. "या बाहेर."

कुणी आलं नाही.

मी दार लावायला गेलो, तर तिने माझा हात धरला. तिची बोटं बर्फासारखी गार होती, आणि तिने मला दार लावू दिलं नाही.