रिकाम्या फिल्टरवरचं जस्त

तिच्या पत्राला मी एकतीस वर्षं उत्तर दिलं नाही.

आमची ओळख झाली प्रयोगशाळेच्या दारात. मी आत शिरत होतो, ती आडवी आली.

"थांबा. आधी घड्याळ काढा."

"का हो?"

"समुद्रावरच्या हवेतलं लोखंड मोजायचंय. तुमच्या मनगटावरचं नको."

"मग वेळ कशी कळणार?"

"मी आहे ना... विचारा."

त्या दिवशी मी सात वेळा विचारली.

ती जहाजावर हवा गाळायची. धुराड्याचा धूर फिल्टरवर येऊ नये म्हणून वारा समोरून असेल तेवढाच वेळ पंप चालू ठेवायची. ते फिल्टर मी आम्लात विरघळवून त्यांतले धातू मोजायचो. सोबत एक रिकामा फिल्टर असायचा – जहाजावर जाऊन आलेला, पण हवा न ओढलेला. त्यावर धातू सापडला, तर कुणाचा तरी हात मळका.

एका खेपेला त्यावर जस्त सापडलं. भरपूर.

"जहाजावरचा निष्काळजीपणा," साहेब तिला म्हणाले. "पुढच्या सफरीला दुसरं कुणी जाईल."

ती माझ्याकडे वळली. "तुम्ही तरी बोला. माझं काम तुम्हाला माहीत आहे."

"बघतो..." मी कागदांत डोकं घातलं.

संध्याकाळी हातमोज्यांचं खोकं पाहिलं. फिल्टर विरघळवायच्या दिवशी ती चारला भेटायला येणार म्हणून घाईत मी हाती लागले ते हातमोजे चढवले होते – पावडरवाले. त्या पावडरीत जस्त असतं. नोकरीची भीती वाटली, त्याहून तिच्या नजरेची. मी गप्प बसलो.

तिला सफरीतून काढलं. आठवड्यानं पत्र आलं: 'खरं कारण कळलं असेल तर कळवा. आणि... आता जहाज नाहीच, तर इथेच राहा, असं कुणी म्हणणार आहे का?'

पहिल्याचं उत्तर दिल्याशिवाय दुसऱ्याचं कोणत्या तोंडानं देणार? ती गाव सोडून गेली.

परवा ग्रंथालयात तिची भाची भेटली. बोलता बोलता म्हणाली, "मावशी एकटीच असते. अजून म्हणते, माझ्याच हातून काहीतरी झालं असणार."

मी तिच्याकडून मावशीचा पत्ता लिहून घेतला.

चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं: 'जस्त माझ्या हातमोज्यांवरचं होतं. तुमचा हात स्वच्छ होता. हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तेव्हाही हो होतं, आजही आहे. ‘राहा’ म्हणायचा हक्क मात्र मला उरलेला नाही.'

टपालपेटीच्या तोंडाशी पाकीट धरून बराच वेळ उभा होतो.

"आजोबा, टाकताय की मी टाकू?" मागून एक बाई म्हणाल्या.

"नको... मीच टाकतो."

आणि टाकलं.