धुरोबाचं निमित्त

आत आईच्या गुडघ्याला व्यायाम चालला होता आणि तिचं कण्हणं दारातून बाहेर येत होतं. दवाखान्याच्या बाकावर बसून बसून तो कंटाळला. खिशातून त्याने हातात मावणारा गेम काढला, पण आवाज बंद करायचं विसरला. सुरुवातीची धून वाजली... आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाकडूनही तीच धून आली.

त्याने वळून पाहिलं. एक मुलगी घाईघाईने काहीतरी ओढणीखाली लपवत होती.

"लपवू नका," तो म्हणाला. "मीही त्यातलाच."

तिने डोळे बारीक केले. "पहाट की सांज?"

"पहाट."

"अरे वा! माझी सांज." आणि ती चक्क सरकून जवळ बसली.

त्या गेममध्ये रानात हिंडून चित्रविचित्र प्राणी पकडायचे असत. गेम दोन तऱ्हांचा निघाला होता, पहाट आणि सांज. काही प्राणी एकातच सापडत, काही दुसऱ्यातच. सगळे हवे असतील तर दुसऱ्या कुणाच्या गेमला केबल जोडायची आणि अदलाबदल करायची. एकट्याने कितीही डोकं आपटलं तरी ते जमणारं नव्हतं.

दर मंगळवारी मग केबल जोडली जाऊ लागली. केबल होती वीतभर. त्यामुळे खांद्याला खांदा लावून बसावं लागे.

"तुमच्या नखात हे पांढरं काय?" तिने एकदा विचारलं.

"प्लास्टर. मी दातांच्या कवळ्या बनवतो. आणि तुमच्या?"

"खडू. बाजारामागच्या कारखान्यात मी गणवेशाचं कापड बेतते."

"म्हणजे दोघंही हात न धुता आलोय."

"मी धुतलेत. तुमचं तुम्ही बघा," ती म्हणाली आणि हसताना तिने मान दुसरीकडे वळवली. त्याला ते वळणं दिवसभर आठवत राहिलं.

आई लंगडत बाहेर आली की तोंडसुख घेई. "एवढा घोडा झालास, भुतं कसली पकडतोस?"

"भुतं नाहीत गं, प्राणी आहेत."

"मग एखादं माणूस पकड. घरात उपयोग होईल."

तो कानापर्यंत लाल होई. ती मात्र केबल गुंडाळत खुदकन हसे. तिचे वडील शिडीवरून पडले होते, त्यांचा खांदा निखळला होता. ते लेकीला म्हणत, "आणखी दुखतंय म्हणून सांगू का डॉक्टरीणबाईंना? तुझं पकडायचं राहिलं असेल काही."

पण खांदा बरा झाला. आणि त्याच सुमारास गेमची नवी, वाढवलेली आवृत्ती आली... 'अहोरात्र'. तिच्यात पहाटेचे प्राणी होते, सांजेचेही होते. वर नवी रानं, नव्या नद्या. कुणाकडे हात पसरायची गरज नाही.

"आता तुम्हाला त्रास द्यायला नको," शेवटच्या मंगळवारी ती म्हणाली. बोलून झाल्यावरही ती त्याच्याकडे बघत राहिली.

त्रास कसला, असं त्याला म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "हो ना. बरं झालं."

तिने केबलचं आपलं टोक काढलं, वडिलांचा हात धरला आणि ती गेली.

आईचा गुडघा काही लवकर ऐकेना. मंगळवार येत राहिले. बाक तोच, पण आता ऐसपैस बसता येत होतं, आणि तेच नकोसं होतं. त्यानेही 'अहोरात्र' घेतली. मान खाली घालून तो खेळत राही. एकेक रान पालथं घातलं. जे पूर्वी तिच्याकडून मिळालं असतं ते सगळं आपसूक मिळत गेलं, आणि दर वेळी त्याला कुणीतरी काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं.

मग एक दिवस त्याला धुरोबा सापडला. काळा, गोल, फुसफुसणारा प्राणी. त्याला पंख फुटत, पण कधी? दुसऱ्याच्या हाती सोपवला तरच! नव्या आवृत्तीतही तो नियम तसाच ठेवला होता. कवळी बसल्यावर म्हातारी माणसं आरशासमोर हसतात, तसा तो एकटाच हसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिच्या कारखान्यात हजर. लांबलचक टेबलावर निळं कापड पसरलं होतं. ती मोठ्या कात्रीने कापत होती. त्याला पाहून कात्री थांबली.

"तुम्ही? इथे?"

"धुरोबा," तो धापा टाकत म्हणाला. "अदलाबदल करावी लागते. एकट्याने होत नाही. म्हणून म्हटलं..."

"माझ्या धुरोबाला कधीच पंख फुटले," ती म्हणाली. "भाचीकडून करून घेतलं."

"अच्छा," तो म्हणाला. खिशातली केबल मुठीत दाबली गेली. आजूबाजूची शिलाई मशिनं खडखडत होती. आता जायला हवं होतं, पण पाय हलेनात.

"मग? आणखी काही काम होतं?"

"नाही."

"काहीच नाही?"

"काम काहीच नाही," तो म्हणाला. "धुरोबा नसता सापडला तरी दुसरं काहीतरी निमित्त शोधलं असतं. मला तुम्हाला बघायचं होतं."

ती कापडावरचे धागे झटकत राहिली. मग खाली बघूनच बोलली, "मंगळवारी मी दवाखान्यावरून जाते."

"का? वडील तर..."

"वडील ठणठणीत आहेत. माझा रस्ताही तो नाही. खिडकीतून बघते, तर तुम्ही बाकावर. मान खाली. डोळे गेममध्ये." तिने कात्री टेबलावर ठेवली. "एकदाही वर बघितलं नाहीत. म्हटलं, याचं बरं चाललंय. आपण कशाला मध्ये?"

"मी... तुमच्याकडे यायचं निमित्त शोधत होतो त्यात!"

"आणि मी काचेपलीकडे उभी होते. शहाणेच आहात अगदी."

तिने पायाने एक स्टूल पुढे ढकललं.

"बसा," ती म्हणाली. "एवढी बाही कापून होऊ दे. आणि तो गेम काढायचा नाही हं. इकडे बघायचं."

तो बसला. तिने कात्री उचलली, पण बाही काही सरळ कापली जाईना.