गार न होणारी कॉइल

गॅरेजात सगळे तिला ताईच म्हणत. वडिलांच्या हाताखाली ती गाड्यांची वायरिंग शिकली आणि ते गेल्यावर त्यांच्याच खिळखिळ्या स्टुलावर कामाला बसली. अंदाजाने पार्ट बदलणाऱ्यांचा तिला मनस्वी राग. "आधी मीटर लाव, मग तोंड उघड," असं ती भल्याभल्यांना सुनवायची.

तिच्या धाकट्या भावाची गाडी डोंगररस्त्याच्या कडेला सापडली, त्याला दोन महिने झाले होते. दारं नीट लावलेली, किल्ली जागेवर, मागच्या सीटवर घडी केलेला स्वेटर. फक्त भाऊ नव्हता. शोधशोधून सगळे थकले, पोलिसांनी गाडी परत दिली, आणि आज भावजय ती घेऊन दारात उभी होती.

"ताई, दहा मिनिटं बरी चालते, मग आचके द्यायला लागते. हे आले की म्हणतील, एवढी गाडी सांभाळता आली नाही."

तो 'आले की' ऐकून ताई गाडीकडे वळली. तिने बॉनेट उघडलं. गाडी जुनी. तापल्यावरच आचके देते म्हणजे पहिला संशय कॉइलवर, प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या त्या काळ्या डब्यावर. फडक्यात धरून तिने ती काढली आणि टेबलावर ठेवून मीटरच्या पिना लावल्या. आतल्या बारीक तारेच्या वेटोळ्याचं रीडिंग गार असताना नऊ हजार ओहमच्या आसपास हवं. तांबं तापलं की आकडा चढतो, निवलं की उतरतो. तार आत तुटली असेल तर आकडाच येत नाही.

चटके देणाऱ्या कॉइलने अकरा हजार दोनशे दाखवले. तापलेल्या कॉइलला शोभेल असंच.

"हिला निवू दे, मग परत बघते. तोवर नवी बसवते," ताई म्हणाली. नव्या कॉइलवर गाडी घड्याळासारखी चालली. भावजय ती घेऊन घरी गेली.

दोन तासांनी जुनी कॉइल हाताला थंड लागली. ताईने पिना लावल्या.

अकरा हजार दोनशे.

तिने मीटरची बॅटरी बदलली. पिना एकमेकींना टेकवून पाहिल्या, शून्य. दुसऱ्या नव्या कॉइलला लावल्या, नऊ हजार दोनशे. जुनीला लावल्या, पुन्हा अकरा हजार दोनशे. मग तिने कॉइल पिशवीत गुंडाळून पाण्याच्या बाटल्यांच्या फ्रीजमध्ये ठेवली. तासाभराने काढली तेव्हा तिच्यावर दव साचलं होतं. आकडा जागचा हलला नव्हता.

सहा वाजता, टेबल आवरताना, तिने सहज पुन्हा पिना लावल्या. आता आकडा उतरत होता. दहा हजार आठशे. दहा हजार सहाशे. कोणीतरी इंजिन बंद करून गाडी सावलीत लावावी तसा, सावकाश.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ हजार दोनशे. साडेनऊनंतर चढायला लागला. दुपारी एकच्या सुमाराला थोडा उतरला, पुन्हा चढला, संध्याकाळी निवला. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशीही. भाऊ नोकरीसाठी दिवसभर गाडी फिरवायचा आणि एक वाजता कुठेतरी थांबून डबा खायचा.

बोलायचं नाही असं ठरवूनही ती पाचव्या दिवशी भावजयीला बोलून गेली. भावजय म्हणाली, "म्हणजे चालवतायत."

"अगं, मी तसं म्हटलं नाही. मीटर तापमान सांगतं, माणूस नाही सांगत."

"पण तापलीय ना?"

"रीडिंग तरी तसं आहे."

त्यानंतर भावजय रोज दुपारी फोन करून एकच विचारायची, "आज?" ताई म्हणायची, "गरम आहे." स्वतःला ती व्यवहारी बाई समजत होती. पण सकाळी शटर वर केलं की हात आधी पिनांकडे जायचा, आणि आकडा चढायला लागला की छातीवरचं दडपण उतरायचं.

तेराव्या दिवशी बारा वाजता बाहेर ऊन रणरणत होतं. कॉइल अकरा हजारांवर होती. ताई बघत असतानाच आकडा घसरला. दहा. नऊ. आठ हजार चारशे.

हवेत कुठलीच कॉइल इतक्या पटकन निवत नाही. पाण्यात बुडली तरच निवते.

आठ हजार चारशे. गॅरेजपेक्षा कितीतरी गार. बर्फाला टेकलेलं पाणी असतं तेवढं.

फोन वाजला.

"ताई," भावजय कुजबुजत होती, आवाजात आनंद मावत नव्हता. "हे आलेत."

ताईने पुन्हा मीटरकडे पाहिलं. आकडा तोच होता.

"आत्ताच. दारात उभे आहेत. बोलत नाहीत काही. नखशिखांत भिजलेत हो."

"हात लावलास का?" ताईने विचारलं.

"नाही अजून. मी मघापासून फरशीच पुसतेय," भावजय म्हणाली. "कितीही पुसलं तरी पाणी येतंच आहे."